वेण्यांचं झाकण

घानातल्या कुमासीच्या बाजारात माझं पार्लर आहे. बायका जुन्या वेण्या सोडवून घेतात तेव्हा त्यांत गुंफलेले पोतंभर नायलॉनचे केस निघतात. बादू गवंडी ते न्यायचा, बोटभर तुकडे करून काँक्रीटमध्ये कालवायचा. त्याचं पहिलं झाकण त्याने माझ्याच दारासमोरच्या गटारावर बसवलं.

आज बाजाराची प्रमुख, मामे सेरवा, ते बघायला आली. ती हो म्हणाली तर बाजारातली सगळी गटारं बादूला मिळणार होती.

"डोक्यावरचं पायाखाली आलं की नशीब फुटतं, असं बायका म्हणतात," ती म्हणाली.

"मामे, पाकिटातून आलेलं नायलॉन ते! त्याला कसलं आलंय नशीब?" बादू म्हणाला.

"तेच सांगते मी त्यांना. अडाणी कुठल्या!" तिने काठीने झाकण ठोकून पाहिलं. "दोन पावसाळे झाले ना रे? एक चीर नाही."

"ट्रक उभा करा त्यावर, मामे."

"पक्कं काम आहे. सगळीकडे अशीच बसव."

बादूचा चेहरा खुलला. मामेने कमरेला गुंडाळलेलं कापड वर खोचलं आणि झाकण सोडून शेजारच्या उघड्या गटारावरून उडी मारली. दोन पावसाळे आम्ही सगळ्याजणी मारतोय, तशीच.