सात मात्रांचा नाच

दादरच्या लॉरेन्सचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड तरुणपणी एकाच लग्नात वाजला आणि संपला. नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाला त्याने हौसेने नेहमीच्या चार मात्रांऐवजी स्वतःची सात मात्रांची धून ठेवली. नवरीचा पाय चुकला आणि ती भर हॉलमध्ये आडवी झाली. पुढे बँडला कुणी बोलावलं नाही. लॉरेन्सनेही कीबोर्ड कायमचा झाकून ठेवला.

आज नात जेनेलने मोबाइल पुढे धरला. तिने जुन्या कॅसेटवरून इंटरनेटवर टाकलेल्या त्याच धुनेवर बल्गेरियात एका लग्नात अख्खं गाव नाचत होतं. म्हाताऱ्यांचेही पाय चुकत नव्हते.

"ग्रँडपा, त्यांचे जुने नाचच सात मात्रांचे आहेत!"

लॉरेन्स बायकोकडे वळला. "विल्मा, म्हणजे माझी धून वाईट नव्हती?"

"धून चांगलीच होती रे," बायको गुडघा चोळत म्हणाली, "नवरी तेवढी बल्गेरियाची करायची होतीस."