कतीफचा कूलर

गावात एकही संध्याकाळ दौलत शुद्धीवर नसायचा. सौदीत दारूचा थेंब मिळत नाही असं कळल्यावर त्याच्या आईने, बायजाबाईने, खटपट करून १९७७ साली त्याला कतीफजवळच्या कॅम्पात पाईप फिटर म्हणून धाडलं.

तिथे तो जवाला मोड आणून, वाळवून, भरडून बिअर करायला शिकला. भरड तासभर सहासष्ट अंशांच्या पाण्यात ठेवावी लागते, म्हणून साइटवरचे पिण्याच्या पाण्याचे तीन कूलर त्याने थर्मामीटर लावून पारखले. लाल कूलरमधलं गरम पाणी तासात एकच अंश उतरलं. त्याच्या तळाशी दौलतने रस गाळून घ्यायला भोकं पाडलेली तांब्याची नळी बसवली. काम चोख.

"पकडलो तर खलास," खोलीतला केरू म्हणायचा आणि पेला पुढे करायचा.

सुट्टीत गावी गेल्यावर मात्र हातभट्टीची दारू दौलतच्या घशाखाली उतरेना. महिनाभर तो कोरडाच राहिला.

कॅम्पात परतला, तर पाठोपाठ आईचं पत्र आलं. "तू सुधारलास, सारा गाव तोंडात बोटं घालतोय. वाडीतल्या आणखी चौघांना तुझ्याकडेच धाडतेय. त्यांना तुझ्यासारखं कर."


दौलतने पत्राची घडी केली आणि मोठा कूलर बघायला निघाला.