खालून आलेले अभिप्राय

"'दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाहीत.' हे कुणी लिहिलं असेल?" सुपरवायझरने मोबाइल बायकोच्या नाकासमोर धरला.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "कुणी का लिहीना. पण अहो, मी काय म्हणते, ते पान आधी वरपासून नीट—"

"वरपासून काय वाचायचंय? मुद्दा खाली आहे. हे ऐक. 'चूक झाली की आधी माणूस शोधतात, मग चूक.' आणि हे. 'कौतुक झालं की स्वतः घेतात, ओरडा बसला की खाली वाटतात.'"

बायकोने चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. "तिसरं जरा जास्तच झालं," ती म्हणाली.

पहिल्या दोनांबद्दल ती काही बोलली नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

गोदामाच्या मॅनेजरची खुर्ची लवकरच रिकामी होणार होती. आजवरचा हिशेब सरळ होता: वरच्याला सांभाळा, खुर्ची आपोआप सांभाळली जाते. सुपरवायझरने वरच्याला इतकं सांभाळलं होतं, की साहेबांच्या पाठदुखीचा मलमही त्याच्याच खणात असायचा. आणि ऐन वेळी मनुष्यबळ विभागात नवी मॅडम आली. तिने नियम काढला, की बढतीआधी हाताखालच्या माणसांनी नाव न लिहिता अभिप्राय द्यायचे. ते वाईट आले तर बढती विसरा.

हे समजावायला तिने बैठकही घेतली होती. ती दोन वाक्यं बोलली असेल नसेल, तेवढ्यात सुपरवायझर "कळलं मला" म्हणून उठला. बाहेर ट्रक उभा होता.

"पाण्यालासुद्धा वर चढायला पंप लागतो," तो आता चादर ताणत म्हणाला. "आणि इथे माणसाची किंमत खालून वर जाणार म्हणे."

दुसऱ्या दिवशी त्याने शोध सुरू केला. पॅकिंगमध्ये माणसं तीनच. तीन माणसं, तीन वाक्यं. हिशेब चोख बसत होता.

पहिला वजनकाट्यावरचा. अंगाने असा, की सगळे त्याला तोळामासा म्हणत.

"काय तोळामासा, रजा दिली नाही त्याचा राग काढलास?"

"राग कसला साहेब? आम्ही तर अजून—"

"अजून? अजून काय लिहायचं राहिलंय?"

तोळामासाने डोकं खाजवलं. "सगळंच राहिलंय की साहेब."

सुपरवायझरच्या डोक्यात तिडीक गेली. तासाभरात तोळामासा मागच्या शेडमध्ये फाटके खोके निवडत बसला होता.

दुसरी टेप लावणारी मावशी. तिच्याशी तो गोडीने बोलायला गेला.

"मावशी, तुमच्या लेकीला या गोदामात कुणी चिकटवलं?"

"तुम्हीच की. ते काय विसरेन होय मी? पण साहेब, त्या लिहिण्याचं म्हणाल तर—"

"मी लिहिण्याचं नावसुद्धा काढलं नाही, मावशी. तुमच्या तोंडी कसं आलं?"

मावशीचं टेबल दुपारी दरवाजाजवळ गेलं, जिथे ट्रकचा धूर सरळ आत येतो.

राहिला फोर्कलिफ्टवरचा पैलवान. हा बाबा मुळातच बोलत नसे. सुपरवायझरने त्याच्यापुढे तिन्ही वाक्यं खणखणीत वाचून दाखवली. पैलवानाने ती मान हलवत ऐकली, अगदी पटल्यासारखी.

"एकदा परत वाचा की," तो म्हणाला.

जो बोलत नाही तोच लिहितो, असं सुपरवायझरने ठरवलं आणि त्याचा ओव्हरटाइम बंद केला. वर तिघांना एकत्र उभं करून सांगितलं, "एकदा मॅनेजर होऊ दे मला. मग तुमची तीन तोंडं तीन दिशांना नाही पाठवली तर बघा."

घरी बायको म्हणाली, "त्या मॅडमलाच एकदा विचारा ना."

"तिला काय विचारायचं? आग तिनेच लावलीय."

"मग विझवायला तरी तिच्याकडेच जावं लागेल."

हे मात्र त्याला पटलं. सकाळी तो मॅडमच्या केबिनकडे निघाला. वाटेत प्रशिक्षणाची खोली लागली. आत त्याची तिन्ही माणसं एकेका कॉम्प्युटरपुढे पाठ वाकवून बसली होती. मावशी एका बोटाने टाइप करत होती आणि पैलवान हसत होता. कामाच्या वेळेला हे चाळे! परत आलो की बघतो, असं मनाशी म्हणत तो पुढे गेला.

"बरं झालं आलात, सर," मॅडम म्हणाली. "मी तुम्हाला फोन—"

"बघितला. कामात होतो. आधी माझं ऐका." आणि त्याने तिला सगळं ऐकवलं. निनावी लिहिणं हा भेकडांचा धंदा आहे. लिहिणारे कोण ते त्याने शोधून काढलंय आणि ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागी बसवलंय. ही तीन वाक्यं आजच्या आज पुसली पाहिजेत, नाहीतर तो थेट साहेबांकडे जाईल.

बोलता बोलता त्याच्या घशाला कोरड पडली. मॅडमने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्याने तो तोंडाला लावला, आणि तेवढ्यामुळे तिला एकदाचं पुरं बोलता आलं.

"सर, तो नमुना होता. पान कसं दिसेल ते कळावं म्हणून मीच रचून सगळ्या सुपरवायझरना पाठवलेला. तुमच्या माणसांनी तर काल संध्याकाळपर्यंत एक अक्षरही लिहिलं नव्हतं, ती आत्ता कुठे लिहायला बसलीत."