दोन बोटं वर

होडीची मोटर दोन बोटं वर चढवलेली ममताच्या लगेच ध्यानात आली. नववा महिना लागल्यापासून ती नवऱ्याबरोबर धरणात जाळं टाकायला जात नव्हती.

"मागं कोणी बसलं की होडी दबते, तवाच मोटर वर घेता तुमी. कोण बसून राह्यलं?"

"कोणी नाही," लखन म्हणाला.

"मंग नजर कायले चुकवता?"

त्याने जाळ्याखालून रेतीचं पोतं ओढून काढलं. "तुयाच वजनाचं हाये. पुसदचा रस्ता पाण्यात गेला तं दवाखान्यात होडीनंच न्या लागन. म्हणून मोटर तशी लावून पाह्यली."

पोत्याला तीनेक किलोची एक लहान थैली बांधलेली होती.

"अन् हे थैली कायची?"

"वापस येतानीची."