शिक्क्याचं जॅकेट

धरणाच्या काठाला बांधलेल्या नावेत बसताच तानुबाईने नातीच्या अंगातलं केशरी जॅकेट दाबून पाहिलं. मऊ होतं, पण भलतंच जड. आत भरलंय तरी काय? लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना तानुबाईच्या बापाने तिच्या पाठीला सुका भोपळा बांधला होता, तोही आधी पाण्यात सोडून पाहून. “भाऊ, हाई तरंगस का?” तिने नावेच्या ठेकेदाराला विचारलं. “बसायचं तर बसा, नाहीतर उतरा,” तो खेकसला. समोर तसंच जॅकेट घालून बसलेले, धुळ्याहून तपासणीला आलेले साहेब हसले. “आजी, ही सगळी मीच पास केलीत. शिक्का बघा.” तानुबाईने शिक्का निरखला, नातीचं जॅकेट काढलं आणि अलगद पाण्यावर सोडलं. एकच गटांगळी खाऊन ते शिक्क्यासकट बुडालं. “साहेब, आते तुमनं देखूत का?” तिने कुतूहलाने विचारलं. साहेबांनी आधी काठ गाठला, मग जॅकेटचे बंद सोडले.