आतून आलेली ओल

ब्रेंडा डॉकरने ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया पलंगामागच्या भिंतीला टेकवल्या आणि आकडा पाहिला. सव्वीस. सुया पुसून तिने पुन्हा टेकवल्या. पुन्हा सव्वीसच.

"तुमच्या यंत्राला सर्दी झाली असेल," दारात उभा असलेला रोलंड म्हणाला.

"यंत्र ठणठणीत आहे. आकडा पंधराच्या आत हवा. विसाच्या वर गेला की मला चैन पडत नाही."

तीस वर्षं तिने केंडल गावाच्या आसपासच्या लोकांना त्यांच्या कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायची चाकांवरची घरं, तपासून दिल्या होत्या. आता काम थांबवताना पहिल्यांदाच स्वतःसाठी एक घ्यायची होती. मोटारीमागे जोडायची आणि मनाला येईल तिथे मुक्काम करायचा. ही कॅरॅव्हॅन रोलंड आणि नोरीन या ऐंशीच्या घरातल्या नवरा-बायकोची. सात वर्षं जुनी. पाणी आत शिरलं तर कंपनीची दहा वर्षांची वॉरंटी, म्हणजे अजून तीन वर्षं शिल्लक. अट एवढीच की दरवर्षी ओलीची तपासणी करून पुस्तिकेत शिक्का घ्यायचा. एक शिक्का चुकला की सगळंच गेलं.

"गळत असेल तर कंपनी निस्तरेल," रोलंड म्हणाला. "एकही शिक्का चुकलेला नाही आमचा."

"गळत असेल तर," ब्रेंडा म्हणाली.

तेच तिला कळत नव्हतं. ती बाहेर जाऊन छताच्या कडा बघून आली. एकही सांधा सुटलेला नव्हता. वाकून तळ पाहिला, तो कोरडा. पुढच्या खिडकीखाली बारा, संडासाच्या कोपऱ्यात तेरा. गळक्या गाड्या नेमक्या तिथेच भिजतात. मग पलंगापाशीच सव्वीस का? तिने गाद्या उचलल्या. खालची फळी दमट होती, मागे काळे ठिपके उठले होते. डावीकडे जेवढे, तेवढेच उजवीकडे. किटली ठेवायच्या जागेच्या वर तर अठ्ठावीस.

नोरीन चहाचे कप घेऊन आत आली. बारीक अंगाची, नीटनेटकी बाई. तिने ब्रेंडाच्या हातात कप दिला आणि शांतपणे बाकावर बसली.

"पाऊस वरून येतो आणि एखाद्या कोपऱ्यातून शिरतो," ब्रेंडा म्हणाली. "ही ओल दोन्ही बाजूंना सारखी आहे, उशीच्या उंचीवर. हे पाणी बाहेरून आलेलं नाही. कोणीतरी खिडक्या लावून इथे किटली उकळतंय आणि झोपतंय. आणि श्वासाच्या ओलीला वॉरंटी नसते."

रोलंडने तिच्या नजरेला नजर दिली. "ऑक्टोबरपासून कुलूप आहे. माशीसुद्धा आत गेलेली नाही. थांबा, पुस्तिकाच आणतो." तो पायरी उतरून घराकडे गेला.

दार लागल्याचा आवाज आल्यावर नोरीनने कप खाली ठेवला.

"त्याच्यावर रागावू नका. तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या लक्षातच राहत नाही." तिने पलंगाकडे पाहिलं. "रोज दुपारी जेवण झालं की आम्ही इथे येतो. त्याला वाटतं, आपण फिरायला निघालोय. काल ओबानला होतो, परवा व्हिटबीला. मी चहा करते, मग तासभर पडतो. घरात परत गेलं की त्याला विचारा, म्हणेल आम्ही कुठेच गेलो नाही. डॉक्टरांनी लायसन्स काढून घेतलं तेव्हापासून हे चाललंय. आमची मुलगी म्हणते, विकून टाका, नाहीतर एक दिवस मोटारीला जोडून खरंच निघाल."

"आणि तुम्हाला विकायचीय?"

"त्याच्यासाठी विकायलाच हवी ना?" नोरीन म्हणाली.

ब्रेंडाने यंत्र बंद केलं. तिला ही कॅरॅव्हॅन मनापासून आवडली होती. रोलंड पुस्तिका घेऊन आला तेव्हा तिने एकेक शिक्का पाहिला. सगळे जागच्या जागी होते.

"गळती नाही," ती म्हणाली. "गाडी चांगली आहे. पण अशी ओली मी नेणार नाही. उन्हाळाभर वाळू दे. दर महिन्याला येऊन आकडा बघून जाईन, मग ठरवू." तिने छतावरचा झरोका दोन बोटं वर सरकवला आणि नोरीनकडे वळली. "किटली चालू असताना हा उघडा ठेवा. पलंगाजवळची खिडकीही थोडी."

नोरीनने मान हलवली. तिने कप गोळा केले आणि घरात गेली.

रोलंड ब्रेंडाला फाटकापर्यंत सोडायला आला. चालताना तो एकदम थकल्यासारखा दिसला.

"तिने तुम्हाला माझ्याबद्दल सांगितलं असेल."

"हो," ब्रेंडा म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."

"सगळ्यांना ती तेच सांगते. सुरुवातीला मी म्हणायचो, नोरीन, आपण अंगणातच आहोत, ओबानला नाही. ती इतकी घाबरायची की रडू आवरायचं नाही. मग एक दिवस तिनेच ठरवलं की विसरणारा माणूस मी आहे, आणि तिला माझी काळजी घ्यायचीय. त्या दिवसापासून ती घाबरलेली नाही. मग तिच्यासमोर विसरायचं काम मी करतो."

ब्रेंडा थांबली. "पण लायसन्स तर तुमचं..."

"पन्नास वर्षांत ही कॅरॅव्हॅन आणि हिच्या आधीच्या दोन, सगळ्या तिनेच ओढल्या," रोलंड म्हणाला. "मला कधी मोटार चालवताच आली नाही."