चार श्वास

नवऱ्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागल्यापासून एथेल रोज दिवेलागणीला त्याच्या उशाशी असलेली मिरचीची कुंडी उचलून पॅसेजमध्ये ठेवायची आणि सकाळी परत आत आणायची. “झाडं दिवसा हवा देतात, रात्री आपलीच ओढतात,” ती म्हणायची. शाळेत विज्ञान शिकवणारी मुलगी, फ्रेडा, एकदा चिडली. “मम्मी, गुडघ्यांची वाट लागेल! एवढंसं झाड रात्रभरात कितीसं ओढणार? पपाचे फारतर चार श्वास.” “मग ते चार त्याला मिळू देत ना.” आज दुपारी त्याला दफन करून दोघी कांदिवलीच्या घरी परतल्या. ऑक्सिजनचं मशीन गप्प होतं. दिवे लागले तशी एथेल सवयीने उठली, कुंडी उचलून निघाली. फ्रेडाने दार उघडून धरलं. उंबऱ्यावर एथेल थबकली. कुंडी परत रिकाम्या उशीशेजारी ठेवून झाडाला म्हणाली, “घे, आता सगळी हवा तुझीच.”